आंग्रियावर पहारा कोण देणार?

विजयदुर्गच्या जेटीवर कुणी प्रवाळ विकायला आणलं, तर वनखातं त्याच्यावर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा दाखल करू शकतं. वाघ ज्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याच अनुसूचीत 2001 पासून प्रवाळही आहे. पण तेच प्रवाळ जिथे वाढतं तिथे, म्हणजे किनाऱ्यापासून सुमारे 105 किलोमीटर आत, एखाद्या नौकेने नांगर टाकून त्याचा चुरा केला, तर वनखात्याचा हात तिथवर पोचत नाही. राज्याचा मासेमारी कायदाही पोचत नाही. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांवर, म्हणजे साधारण 22 किलोमीटरवर, भारताचं प्रादेशिक पाणी संपतं आणि त्याबरोबर राज्याचा अंमलही. महाराष्ट्रासमोरची आंग्रिया बँक ही प्रवाळभूमी त्या रेषेच्या कितीतरी पलीकडे, भर समुद्रात आहे.

तिला नाव आहे ते मराठ्यांचे आरमारप्रमुख कान्होजी आंग्रे यांचं. ज्या सरखेलाच्या दस्तकाशिवाय, म्हणजे परवान्याशिवाय, परक्या व्यापाऱ्यांना या किनाऱ्यावरून निर्धास्त जाता येत नसे, त्याच्या नावाच्या जागेवर आज कुणीही कधीही यावं, हवं ते न्यावं, अशी स्थिती आहे. ही स्थिती बदलायला हवी. आणि ती नुसत्या सरकारी कागदाने बदलणार नाही.

आंग्रिया म्हणजे पाण्याखालचं पठार. उत्तर-दक्षिण लांबी सुमारे 40 किलोमीटर, रुंदी 15 किलोमीटरच्या आसपास. भोवतालचा समुद्र खोल, पण पठाराचा माथा काही ठिकाणी पृष्ठभागापासून अवघ्या वीस मीटरवर. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन कडाक्यात, जगभरातल्या समुद्राची पातळी आजच्यापेक्षा 120 मीटरच्या आसपास खाली होती. त्या हिशेबाने तेव्हा हा माथा उघड्यावर असणार. पुढे बर्फ वितळलं, पाणी चढत गेलं आणि प्रवाळाला वाढायला एक उंच, उजेडातली जागा मिळाली.

उजेड हा इथला कळीचा शब्द. प्रवाळ हा प्राणी आहे. टाचणीच्या डोक्याएवढ्या, कधी त्याहून थोड्या मोठ्या जिवांची वसाहत. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं आणि सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. पाणी गढूळ झालं की हा व्यवहार मंदावतो. कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळ्याचे चार महिने नेमकं तेच होतं. वाघोटणपासून तेरेखोलपर्यंतच्या खाड्या तांबडी माती समुद्रात ओततात. मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास जे प्रवाळ टिकून आहे ते गढूळपणा सोसणाऱ्या चिवट जातींचं, खडकाला धरून बसलेलं. आंग्रियापर्यंत ही माती पोचत नाही. तिथलं पाणी निवळ, आणि म्हणून वीस मीटर खालीही प्रवाळाला पुरेसा उजेड मिळतो. महाराष्ट्राच्या समोर अशी दुसरी जागा नाही.

एखादी प्रवाळभूमी नेमकं काय सांभाळते, हे समजून घ्यायला तिथल्या गोबरा माशाकडे पाहावं. मालवणात ज्याला हेकरू म्हणतात ती या कुळातलीच जात. या कुळातले बहुतेक मासे जन्मतात मादी म्हणून आणि वय वाढल्यावर त्यातले काही नर होतात. म्हणजे मोठे मासे वेचून काढले की त्या जागेवरचे नरच संपतात. लहान मासे उरले तरी वीण धड होत नाही. त्यात हे मासे विणीसाठी ठरावीक काळात ठरावीक जागी गोळा होतात. ती जागा एकदा जाळीवाल्यांना कळली की थोड्याच हंगामांत ती रिकामी होऊ शकते. जगात अनेक ठिकाणी असं झालं आहे. मोठी मादी लहान मादीच्या कित्येक पट अंडी देते, हेही इथे महत्त्वाचं. शेतकरी बियाण्यासाठी भरलेली कणसं बाजूला काढून ठेवतो, तसं समुद्रात कुठेतरी मोठ्या माशांना बाजूला ठेवावं लागतं.

बाकीचा कारभारही असाच एकमेकांत गुंतलेला. पोपटमासे दगडावरचं शेवाळ खरवडून खातात, त्यामुळे प्रवाळाच्या पिलांना चिकटायला स्वच्छ जागा मिळते. खरवडताना पोटात गेलेला चुनखडीचा अंश ते वाळू म्हणून बाहेर टाकतात. बोटभर लांबीचे सफाई करणारे मासे ठरलेल्या जागी बसतात आणि मोठे मासे तोंड उघडून, कल्ले पसरून त्यांच्यापुढे उभे राहतात. परजीवी खाऊन घेण्यासाठी. शेवंड कपारीत, माकूल वरच्या पाण्यात, वागळी वाळूत. जगातल्या समुद्रतळाचा एक टक्काही भाग प्रवाळांनी व्यापलेला नाही. तरी समुद्रातल्या ज्ञात जातींपैकी सुमारे पाव जाती आयुष्याच्या कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर प्रवाळाच्या आश्रयाला येतात.

अशा जागेचा नीट अभ्यास व्हायला महाराष्ट्राला फार उशीर लागला. डिसेंबर 2019 मध्ये कोचीचं सागरी सजीव संसाधन व परिस्थितिकी केंद्र आणि वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन सोसायटी-इंडिया यांच्या पुढाकाराने अनेक शाखांच्या संशोधकांची मोहीम आंग्रियावर गेली. त्यानंतर 2020 मध्ये राज्य सरकारने आंग्रियाचं सुमारे 2,011 चौरस किलोमीटरचं क्षेत्र ‘निर्दिष्ट क्षेत्र’ व्हावं या प्रस्तावाला मान्यता दिली. हे पाऊल योग्य होतं आणि त्याचं श्रेय राज्याला द्यायलाच हवं. पण त्याने प्रवाळाला कायद्याचं कवच मिळत नाही. बारा मैलांपलीकडचा अधिकार केंद्राचा.

तो अधिकार आहे 1976 च्या सागरी क्षेत्र कायद्यात. किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांपर्यंतच्या अनन्य आर्थिक क्षेत्रातला कोणताही भाग केंद्र सरकार अधिसूचनेने निर्दिष्ट क्षेत्र ठरवू शकतं आणि तिथल्या संसाधनांच्या व सागरी पर्यावरणाच्या रक्षणासाठी नियम करू शकतं. देशातले इतर कायदेही तिथे लागू करू शकतं. ही तरतूद पुस्तकातच पडून राहिलेली नाही. भर समुद्रातल्या तेलविहिरींच्या क्षेत्रात सीमाशुल्काचा कायदा लागू करायला केंद्राने हीच वाट वापरली आहे. तेलावरचा महसूल मिळवण्यासाठी कायदा जर शंभर-दीडशे किलोमीटर आत जाऊ शकतो, तर पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठीही तो जाऊ शकतो. त्यासाठी नवा कायदा नको, संसदेत चर्चा नको. एक अधिसूचना आणि तिच्यासोबतचे नियम हवेत.

मात्र अधिसूचना निघाली म्हणजे काम झालं, असं मानणाऱ्यांनी मालवणकडे पाहावं.

मालवण सागरी अभयारण्य एप्रिल 1987 मध्ये जाहीर झालं. क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर, त्यातला गाभा सुमारे 3.18 चौरस किलोमीटर. त्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या जगणाऱ्या मच्छीमारांना या निर्णयात स्थान नव्हतं. आपली रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं, टाकायची जागाच सरकार काढून घेणार, अशी भीती किनाऱ्यावर पसरली, आणि ती अकारण नव्हती. तेव्हापासूनचा विरोध पुरता कधी मावळला नाही. परिणाम असा की अभयारण्य नकाशावर राहिलं, आणि दरम्यान त्याच पाण्यात स्कूबा आणि स्नॉर्केलिंगचा धंदा वाढला. पर्यटकांना दोन घटका मासे दिसावेत म्हणून पाण्यात पाव टाकला जातो. प्रवाळावर पाय पडतात. होड्यांचे नांगर त्याच खडकांवर टेकतात. ज्यांना विश्वासात घेतलं असतं तर जे रखवालदार झाले असते, त्यांना पहिल्याच दिवशी आरोपीच्या जागी उभं केलं गेलं. सिंधुदुर्गात झालेली ही मोठी चूक आंग्रियाच्या वेळी पुन्हा होऊ देता कामा नये.

कारण रापणकर आणि छोट्या होडीचा मच्छीमार हा आंग्रियाचा शत्रू नाहीच. त्याची होडी तिथवर जात नाही. तिथे जाऊ शकतात ते मोठे यांत्रिक ट्रॉलर आणि पर्ससीन जाळीवाले. कर्नाटकातल्या मलपीच्या हायस्पीड ट्रॉलरविरुद्ध सिंधुदुर्गातला पारंपरिक मच्छीमार वर्षानुवर्षं ओरडतो आहे. एलईडी दिव्यांच्या झोतात मासे गोळा करून करायच्या मासेमारीवर केंद्राने 2017 मध्येच अनन्य आर्थिक क्षेत्रात बंदी घातली, तरी हे दिवे रात्री समुद्रात दिसतात, ही तक्रार थांबलेली नाही. प्रवाळाच्या खडकावर ट्रॉलचं जाळं फाटतं म्हणून नौका चालवणारे तांडेल शक्यतो तिथे ओढ घेत नाहीत, हे खरं. पण कडेकडेने ओढताना अडकलेलं जाळं कापून टाकावं लागतं आणि ते तुकडे पाण्याखाली वर्षानुवर्षं मासे आणि कासवं अडकवत राहतात. वीस मीटरवर नांगर सहज पोचतो. गळाने मोठे मासे निवडून काढायला तर खडकाची अडचण मुळीच नाही.

भर समुद्रातली, माणसांची वस्ती नसलेली प्रवाळभूमी राखता येते का, या प्रश्नाचं उत्तर फिलिपीन्सने देऊन ठेवलं आहे. सुलू समुद्रात, पलावान बेटावरच्या प्वेर्तो प्रिन्सेसा शहरापासून सुमारे 150 किलोमीटरवर तुब्बाताहा आहे. म्हणजे अंतर आंग्रियापेक्षाही जास्त. 1980च्या दशकात तिथे सुरुंग लावून मासे मारले जात होते, विष वापरलं जात होतं. 1988 मध्ये राष्ट्राध्यक्ष कोराझोन अकिनो यांनी ते राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर केलं. 1993 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसास्थळांच्या यादीत घेतलं. 2010 मध्ये खास तुब्बाताहासाठी स्वतंत्र कायदा झाला. आज 97,030 हेक्टर, म्हणजे 970 चौरस किलोमीटर क्षेत्रात मासेमारीला पूर्ण बंदी आहे.

पण तुब्बाताहा वाचलं ते कायद्याच्या तारखांनी नाही, तिथे जाऊन राहिलेल्या माणसांनी. प्रवाळाच्या कडेला वाळूच्या दांड्यावर एक ठाणं आहे. त्यात नौदल, तटरक्षक दल, उद्यानाचं कार्यालय आणि कागायानसिल्यो या जवळच्या बेटसमूहाची नगरपालिका, अशा चौघांचे मोजके रक्षक पाळीपाळीने महिनोन्‌महिने राहतात. आसपास दुसरं काही नाही. वर्षाचा बराच काळ समुद्र इतका खवळलेला असतो की बाहेरचं जहाज फिरकत नाही. पर्यटक येतात ते साधारण मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, तेही जहाजावरच राहून, शुल्क भरून. त्या शुल्कातला वाटा कागायानसिल्योला मिळतो, कारण हवा चांगली असली की शिडाच्या होड्यांनी तुब्बाताहाला मासेमारीला जाण्याची तिथल्या लोकांची जुनी वहिवाट होती. ती त्यांनी सोडली. त्या बदल्यात त्यांना पैसा मिळाला, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे व्यवस्थापनात खुर्ची मिळाली. मालवणात जे झालं नाही ते हेच.

या पहाऱ्याला दात आहेत. 2005 मध्ये ग्रीनपीसचं ‘रेनबो वॉरियर’ हे जहाज प्रवाळाची पाहणी करायला गेलं असताना तिथेच खडकावर चढलं. पर्यावरणाचे कार्यकर्ते म्हणून त्यांना सूट मिळाली नाही. दंड झाला आणि त्यांनी तो भरला. 17 जानेवारी 2013 रोजी अमेरिकी नौदलाची सुरुंगशोधक नौका ‘गार्डियन’ प्रवाळावर आदळली. ओढून काढली तर आणखी नुकसान होईल म्हणून ती जागेवरच तुकडे करून उचलावी लागली. 2,345 चौरस मीटर प्रवाळ नष्ट झालं होतं. दोन वर्षांनी अमेरिकेने सुमारे वीस लाख डॉलर भरपाई दिली. 2013च्याच एप्रिलमध्ये एक चिनी मासेमारी जहाज तिथे रुतलं. त्याच्या पोटात मासे नव्हते, खवले मांजरांच्या मांसाने भरलेल्या 400 पेट्या होत्या. खलाशांना अटक झाली. कुणी तिथे राहत नसतं, तर यातल्या किती गोष्टी उजेडात आल्या असत्या?

आंग्रियावर ठाणं बांधायला वाळूचा दांडा नाही. सगळं पाण्याखाली. त्यामुळे तुब्बाताहाची नक्कल होणार नाही, पण पहाऱ्याची दुसरी साधनं आज हाताशी आहेत. मासेमारी नौकांवर उपग्रहाशी जोडलेले एक लाख ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या योजनेचा शुभारंभ 30 ऑगस्ट 2024 रोजी महाराष्ट्रातच, पालघरमध्ये झाला. वादळाची सूचना देणं हा त्याचा मुख्य हेतू. पण जे यंत्र नौका कुठे आहे ते सांगतं, ते नौका आंग्रियाच्या हद्दीत किती तास थांबली हेही सांगू शकतं. त्या नोंदीवर कारवाई करण्याचा अधिकार एका ठरलेल्या कार्यालयाला द्यावा, तटरक्षक दलाच्या गस्तीचा मार्ग तिथून न्यावा, संशोधन जहाजांसाठी कायमचे बोये टाकावेत म्हणजे नांगर टाकावाच लागणार नाही, आणि सागरी नकाशांवर हे क्षेत्र टाळण्याची स्पष्ट सूचना छापली जावी. यातलं काहीही आवाक्याबाहेरचं नाही.

पर्यटनाबद्दल मात्र सावधगिरी हवी. आंग्रिया हे नाव ऐकलं की काहींना पहिल्यांदा आठवतं ते स्कूबा. खुल्या समुद्रात, प्रवाहात, वीस मीटर आणि त्याखाली उतरणं हे तारकर्लीला अर्ध्या तासात शिकवून करायचं काम नव्हे. आधी पहारा, आधी पक्की पाहणी, मग मोजक्या प्रशिक्षित पाणबुड्यांसाठी मोजके दिवस, असा क्रम असावा. तो उलटला तर मालवणच्या किल्ल्याभोवती जे झालं ते शंभर किलोमीटर आत, कुणाच्याही नजरेआड होईल.

एक आक्षेप गंभीर आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवं. समुद्रच तापतो आहे, मग मासेमारी थांबवून काय साधणार? एप्रिल 2024 मध्ये शास्त्रज्ञांनी जगातली चौथी मोठी प्रवाळ-विरंजनाची घटना जाहीर केली. पाणी फार तापलं की प्रवाळ आपल्यातलं शैवाल बाहेर टाकतं, पांढरं पडतं आणि उष्णता टिकली तर उपाशी मरतं. 2025च्या वसंतापर्यंत जगातल्या सुमारे 84 टक्के प्रवाळक्षेत्राला या उष्णतेची झळ बसली होती. आपल्या लक्षद्वीपमध्ये 2024च्या उन्हाळ्यात मोठं विरंजन झालं. मालवणमध्येही गेल्या दशकात संशोधकांनी विरंजन नोंदवलं आहे. आंग्रियावरची अधिसूचना पाण्याचं तापमान एका अंशानेही उतरवणार नाही, हे कबूल.

तरीही 1998च्या उष्णतेत तुब्बाताहालाही जबर फटका बसला होता आणि पुढच्या काही वर्षांत ते सावरलं. शेवाळ खाणारे मासे शाबूत असले, नवीन प्रवाळाला बसायला जागा मोकळी असली, तर मार खाल्लेली प्रवाळभूमी पुन्हा उभी राहण्याची शक्यता वाढते. मासे ओरबाडलेले असतील तर मेलेल्या सांगाड्यावर शेवाळाचं रान माजतं. म्हणूनच तापणाऱ्या समुद्रात मासेमारीचा ताण काढून घेण्याची निकड वाढते. मेक्सिकोतल्या काबो पुल्मो या छोट्या गावाचं उदाहरण इथे बोलकं आहे. मासे कमी झाले म्हणून तिथल्या मच्छीमार कुटुंबांनी स्वतःच पुढाकार घेतला आणि 1995 मध्ये राष्ट्रीय उद्यान मिळवलं. 1999 ते 2009 या दहा वर्षांत तिथल्या माशांचं एकूण वजनमान 463 टक्क्यांनी वाढल्याचं संशोधकांनी मोजलं. तिथे नियम पाळायला लावले ते प्रामुख्याने गावानेच.

कोकणाला ही रीत नवी नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्था आणि गावकऱ्यांनी 2002 पासून कासवाची घरटी राखली. जिथे अंडी चोरली जात तिथे कासव महोत्सव भरू लागला. 2018च्या अखेरीस राज्याने मच्छीमारांसाठी योजना आणली: जाळ्यात कासव, व्हेल शार्क किंवा डॉल्फिन अडकला आणि जाळं कापून त्याला सोडलं, तर 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई. त्यानंतर जाळी कापून व्हेल शार्क सोडल्याच्या बातम्या किनाऱ्यावरून येत राहिल्या. 2022 मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर ‘प्रथमा’ नावाच्या कासविणीच्या पाठीवर उपग्रह-यंत्र बसवलं गेलं. पुढच्या वर्षी गुहागरहून सोडलेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. गावाने वाळूत राखलेलं पिल्लू मोठं होतं ते बारा मैलांच्या रेषेपलीकडे, जिथे वन्यजीव संरक्षण कायदा लागू होत नाही.

तेव्हा केंद्राने अधिसूचना काढावी, आणि तिच्या नियमांत व्यवस्थापन समिती कुणाची असेल हे आधी ठरवावं. देवगड, विजयदुर्ग, मालवण आणि वेंगुर्ल्याच्या मच्छीमार सहकारी संस्थांना तिच्यात मताचा अधिकार हवा, नुसतं निमंत्रण नको. पुढेमागे पर्यटनाचं शुल्क आलं तर त्यातला ठरलेला हिस्सा या संस्थांकडे जावा. ज्या तांडेलांना खडकाच्या कडा नेमक्या ठाऊक आहेत, त्यांना पाहणीच्या जहाजावर मानधन देऊन घ्यावं. 1 जून ते 31 जुलै या मासेमारी बंदीच्या काळात यांत्रिक नौका बंदरात असतात. बैठकांसाठी याहून सोयीचा काळ नाही. नियमांचा मसुदा सोप्या मराठीत प्रत्येक संस्थेच्या फळ्यावर लागावा, त्यावर हरकती लेखी घेतल्या जाव्यात आणि प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर मिळावं, अंतिम अधिसूचना राजपत्रात छापली जाण्याआधी.